मोठाबाने पाहिलेली स्थळं

मोठाबा, तुझी खाकी पिशवी अजून ओट्यावरच्या खुंटीलाच आहे. धुवायला कोणी काढत नाही. मोठीमाय म्हणते, केळीचा वास येतो तिला, राहू दे. गावात कुणाकडे सोयरिकीचं बोलणं निघालं की माणसं अजूनही सवयीने आपल्या दाराशी येतात, पिशवीकडे बघतात, आणि मग त्यांच्या लक्षात येतं. मागच्या सुट्टीत मी घरी होते तर जगननाना असेच येऊन बसले, पाणी प्यायले, आणि जाताना म्हणाले, "आते पोरीसनं घर दखाले कोन येई?" मी म्हटलं, नाना, मी येते, मला शिकवून गेलाय तो. नानांना ते काही पटलेलं दिसलं नाही.

तू माझ्या वडिलांचा, आप्पांचा, मोठा भाऊ, आणि मोठीमाय तुझी बायको. शाळेत आप्पाच मला विज्ञान शिकवायला होते, म्हणून त्यांना मी आजही अहो-जाहो करते. तुला मात्र कधी 'तू'शिवाय हाक मारली नाही, आणि आता वेगळी मारायचं काही कारण नाही. अख्खं ब्राह्मणपुरी गाव तुला स्थळ बघायला न्यायचं. मुलीचा बाप पुढच्या खोलीत शेती, पाणी, नोकरी विचारत बसायचा आणि तू हळूच उठून मागच्या दाराला जायचास. मुलगा तू कधी बघितलाच नाहीस. "पोऱ्या तं सजीधजीसन बठेल ऱ्हास, त्याले काय दखनं," म्हणायचास. तू बघायचास त्या घरातली धाकटी सून. ती बसून जेवते की उभ्याने, तिच्या चपलांना टाच उरली आहे का, आणि सासूने हाक मारली की ती आधी हसते की आधी दचकते. परत येताना गाडीत तू एक वाक्य बोलायचास आणि त्यावर लग्न ठरायचं किंवा मोडायचं.

हे सगळं माहीत असूनही मी त्या दिवशी तुझ्यासमोर लॅपटॉप उघडून बसले, ही माझी चूक म्हणायची की नशीब, ते अजून ठरलेलं नाही.

एमबीबीएसनंतरच्या पीजीच्या परीक्षेचा निकाल लागला होता. माझा रँक ना धड वरचा ना धड खालचा. अशा रँकवाल्यांचे हाल फार. वरच्यांना हवं ते मिळतं, खालच्यांना मिळेल ते घ्यायचं असतं, आणि आमच्यासारख्यांनी तेवढं डोकं खाजवत बसायचं. कुठल्या कॉलेजातली कुठली शाखा आधी, कुठली नंतर, असा पसंतीक्रम भरायचा आणि लॉक करायचा. एकदा लॉक केलं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. मी आणि आप्पा गेल्या वर्षीचे कटऑफ बघत होतो, खाटा किती, ऑपरेशनं किती. तू झोपाळ्यावरून विचारलंस, "हाई काय शे?"

मी सांगितलं. तीन वर्षं तिथेच राहायचं, तिथेच राबायचं, मिळेल तेव्हा जेवायचं. पहिल्या वर्षाच्यांवर दुसऱ्या वर्षाचे ओरडतात, दुसऱ्या वर्षाच्यांवर तिसऱ्या वर्षाचे, आणि सगळ्यांवर विभागप्रमुख. मध्येच सोडून येता येत नाही.

तू पाय टेकवून झोपाळा थांबवलास. "म्हंजे सासरंच शे. आनि तू कागद दखीसन चालनी?"

आप्पा हसले. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी तू टोपी घालून, पिशवीत केळीची फणी घेऊन दारात उभा होतास, आणि मला तयार हो म्हणत होतास. आप्पा म्हणाले, भाऊ, हे सगळं इंटरनेटवर असतं. तू म्हणालास, इंटरनेट काय मागच्या दाराने जातं का? त्यावर विज्ञानाच्या शिक्षकाने आम्हाला एसटीचं वेळापत्रक काढून दिलं.

मोठाबा, शहाद्याच्या एसटी स्टँडवर तुझ्याबरोबर उभी असताना मला किती लाज वाटली असेल, याची तुला कल्पना नव्हती. एमबीबीएस झालेली पोर, सोबत टोपीवाला काका आणि पिशवीतून डोकावणारी केळी. आज ती लाज कुठे गेली कोण जाणे. आज स्टँडवर कुणाच्या पिशवीतून केळी दिसली तरी मी वळून बघते.

पहिल्या कॉलेजात मी विभागात गेले आणि तू मागचं दार शोधायला. सुरक्षारक्षकाने तुला पेशंट समजून ओपीडीच्या रांगेत उभं केलं. तूही उभा राहिलास, कारण रांगेत माणसं खरं बोलतात. मी तासाभराने शोधत आले तर तुझ्या हातात डोळ्यांत टाकायचे थेंब होते. "डोया बी तपासी लिधा," म्हणालास. वर तिथल्या कूलरच्या पाण्याची तारीफ केलीस, दोन ग्लास प्यायलास. पण ज्या पोरीने तपासलं तिने तुझ्या डोळ्यांत बघितलं, तुझ्याकडे बघितलं नाही, असं तुझं म्हणणं. तिचा दोष नाही, तिला त्या घरात मान वर करायला वेळ नाही. पोर द्यायची नाही.

दुसरं मोठ्या शहरातलं, नावाजलेलं. तिथे तू वॉर्डाबाहेरच्या कट्ट्यावर चहा पीत बसलास आणि येणाऱ्याजाणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरपुढे केळं धरून एकच प्रश्न विचारत राहिलास, "डॉक्टरसाहेब, जेवनात का?" बहुतेकजण थांबलेच नाहीत. एकाने केळं घेतलं, भिंतीला टेकून खाल्लं आणि साल हातात धरून तसाच उभ्या उभ्या झोपला. तू त्याच्या हातातून साल काढून घेतलीस, त्याला जाग येणार नाही अशा बेताने. मला वाटलं तू काहीतरी गमतीचं बोलशील. तू ती साल पिशवीत टाकलीस आणि स्टँडकडे चालायला लागलास.

तिसऱ्या ठिकाणी मात्र तू चक्क चुकलास असं मला तेव्हा वाटलं, आणि हे मी तू गेलास म्हणून लपवणार नाही. तिथला कॅन्टीनवाला निघाला आपल्या शहादा तालुक्यातला. अहिराणी ऐकल्यावर त्याने तुला पोहे, पाणी, चहा, पुन्हा पोहे असं खाऊ घातलं आणि तू जाहीर केलंस की घर फार चांगलं आहे. माणसं मायाळू, पोरगी सुखात राहील. मी विचारलं, विभाग बघितलास का? विभाग वरच्या मजल्यावर होता आणि तू पोह्यांपासून हललाच नव्हतास. परतीच्या गाडीत मी दोंडाईचा येईपर्यंत हसत होते. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "तरीबी."

वाद हरलास की तू 'तरीबी' म्हणायचास आणि उठून जायचास. त्यापुढे काही नसायचं. घरात आम्ही सगळे ते एकमेकांना चिडवायला वापरायचो, अजूनही वापरतो.

पण आपला खरा वाद कॉलेजांचा नव्हता. तुला मी स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायला हवं होतं. शहाद्यात पाटी लागेल, बायका नाव घेतील, हे तू माझ्या बारावीपासून मनात धरलं होतंस. आणि मला व्हायचं होतं भूलतज्ज्ञ. ते मी सांगितलं तेव्हा तू केळीच्या बागेत ठिबकची नळी सरळ करत होतास. नळी हातातच राहिली.

"रोगीले तू झोपाडशी. मंग त्याले तुन्हं तोंड कसं दिसी? उद्या बजारमा तुले नमस्कार कोन करी?"

तुझ्या दृष्टीने डॉक्टर म्हणजे बाजारात चार पावलं टाकायला अर्धा तास लागतो तो माणूस. ज्याला कुणी ओळखतच नाही तो कसला डॉक्टर? मी तुला तेव्हा त्या बाईची गोष्ट सांगितली. सरकारी नोकरीच्या बॉण्डच्या वर्षी मी सातपुड्यात, तोरणमाळच्या बाजूला आरोग्य केंद्रात होते. बाळ अडलं म्हणून एका बाईला घेऊन मी जीपने घाट उतरले. खाली रुग्णालयात ऑपरेशन करणारे डॉक्टर होते, टेबल होतं, दिवे होते, रक्ताची पिशवीसुद्धा होती. भूल देणारं कोणी नव्हतं. सगळं असून आम्हाला पुढच्या गावाला निघावं लागलं. तिची भाषा पावरी, मला चार शब्दांपलीकडे येत नव्हती. पूर्ण रस्ताभर तिने माझं मनगट धरलं होतं. बाई वाचली, बाळ वाचलं, पण त्या रस्त्यावर मी ठरवलं की टेबलाच्या डोक्याशी जी जागा रिकामी होती तिथे मी बसणार.

तू सगळं ऐकून घेतलंस. नळी खाली ठेवलीस. मला वाटलं, जिंकले. तू म्हणालास, "तरीबी," आणि पंप बंद करायला गेलास.

चौथ्या स्थळाला निघालो ते या भांडणासकट. ते कॉलेज फार मोठं नव्हतं, पण तिथलं भूलशास्त्र चांगलं, आणि माझ्या रँकला ते मिळण्यासारखं होतं. स्त्रीरोगासाठी त्याच रँकवर मला पार लांब जावं लागलं असतं. ऊन असं की एसटीचा दांडा हाताला धरवत नव्हता. तिथे पहिल्या वर्षाची एक मुलगी ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आली, नाकावर मास्कचा वळ, आणि तुझं केळं बघून सरळ पायरीवर बसली. बसून खाल्लं, मोठाबा. मी तेव्हाच तुझ्याकडे बघितलं होतं. आतून विभागप्रमुख मॅडमनी तिला हाक मारली तर ती "आले, केळं खातेय" असं ओरडली आणि आतून हसण्याचा आवाज आला.

तू तिलाही तोच प्रश्न टाकलास. बाजारात नमस्कार कोण करतं? ती म्हणाली, "काका, मला बाजारात जायलाच मिळत नाही." मग तोंडातला घास संपवून म्हणाली, "पण झोप लागायच्या आधी माणूस शेवटचा आवाज आमचा ऐकतो. घाबरलेला असतो, आम्ही नाव विचारतो, गाव विचारतो. गाव सांगता सांगता झोपतो." तू तिला तिचं गाव विचारलंस.

मॅडमनी आपल्याला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, चहा मागवला. तू ग्लास हातात घेतलास आणि तसाच टेबलावर ठेवलास. चहालाही हात लावला नाहीस. "तहान नही," म्हणालास, त्या उन्हात, घामाने सदरा पाठीला चिकटलेला असताना. मी तुला डोळ्यांनी दटावलं. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. आणि फाटकाबाहेर आल्या आल्या उसाच्या रसाच्या गाडीवर तू लागोपाठ दोन ग्लास रस संपवलास. मी काय समजायचं? मी समजले, तुला ते घर इतकं नापसंत आहे की तिथलं पाणीसुद्धा नको झालं. रस्ताभर मी तुला शरीरातलं पाणी कमी झालं की काय होतं यावर व्याख्यान दिलं. शेवटी विचारलं, कसं वाटलं स्थळ? तू टोपी डोळ्यांवर ओढलीस, "दखू" म्हणालास, आणि झोपलास.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू गेलास. मी घरातच होते. जे करायचं असतं ते सगळं मी केलं, तुझ्या छातीवर माझे हात होते आणि आप्पा शेजारी बसून तुला भाऊ, भाऊ अशी हाक मारत होते. ते मी इथे एवढंच लिहिते. त्या हातांना अजून कधीकधी तुझी आठवण होते.

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि काउन्सेलिंगची, म्हणजे पसंतीक्रम भरायची, मुदत काही आपल्यासाठी थांबणार नव्हती. मी मागच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसायचे आणि नुसती बघत बसायचे. तू असतास तर मी भांडून माझ्या मनासारखं केलं असतं, त्यात मला काही वाटलं नसतं. पण जो आता 'तरीबी' म्हणू शकत नाही त्याच्या मनाविरुद्ध कसं जायचं? एकदा तर मी लांबच्या कॉलेजातलं स्त्रीरोग सगळ्यात वर टाकलंसुद्धा. टाकलं आणि रडले, आणि मग मोठीमायला सांगायला गेले, की तुझ्या मनासारखं केलं.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, त्यांच्या मनासारखं म्हणजे कुठलं? मी चौथ्या स्थळाची सगळी हकीकत सांगितली. मुलगी, केळं, मॅडम, न प्यायलेलं पाणी, बाहेरचा उसाचा रस. रसापर्यंत आले तर मोठीमाय तोंडाला पदर लावून हसायला लागली. तुला जाऊन इतके दिवस झाले, त्यात ती पहिल्यांदा हसली असेल. बाहेर बसलेले पाहुणे वळून बघायला लागले.

"वं येडी," ती म्हणाली, "पोर दियेल घरना पानीले ते हात लावतस का कधी?"

मोठाबा, मी हा रिवाज पाळणाऱ्या घरातच वाढले. तुझ्या लेकीच्या, सुनंदाताईच्या, सासरी तू उन्हातान्हात जायचास आणि कोरडाच परत यायचास, गावाबाहेरच्या हापशावर पाणी पिऊन. ज्या घरी आपली लेक दिली तिथलं पाणी प्यायचं नाही, तिला पहिलं लेकरू होईपर्यंत. आणि ताईला मुलगी झाली त्या दिवशी तू तिच्या ओट्यावर बसून तांब्या वर केलास, वरून चहा मागवलास, जेवलास, आणि संध्याकाळी पुन्हा जेवायला थांबलास. हे मी डोळ्यांनी बघितलेलं. पण डॉक्टर झाल्यावर मला तहान लागलेला माणूस फक्त तहान लागलेलाच दिसायला लागला. पहिल्या तिन्ही ठिकाणी तू पोटभर पाणी, चहा, पोहे हाणलेस, कारण तिथे पोर द्यायचीच नव्हती. पोह्यांच्या कॅन्टीनची तारीफ त्या कॅन्टीनवाल्याचं मन राखण्यापुरती होती हेही मला तेव्हाच कळलं. आणि जे घर मनात भरलं तिथे घसा कोरडा ठेवून बसलास. होकार तू दिला होतास, माझ्यासमोर, टेबलावर ग्लास ठेवून. मी त्यावर तुला व्याख्यान दिलं.

मी आत जाऊन क्रम बदलला. चौथं स्थळ पहिलं, भूलशास्त्र. मोठीमाय शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, दाब आता. मी लॉक केलं. तेच मिळालं.

रुजू व्हायच्या दिवशी आप्पा सोडायला आले. तुला माहीत आहे, तुझ्या या पाण्याच्या रिवाजावर ते आयुष्यभर हसले. ताईच्या सासरी तुझ्यासमोर मुद्दाम ग्लासभर पाणी प्यायचे, पाण्याला नातं कळत नाही म्हणायचे. हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी त्यांना बसायला सांगितलं, थंड पाणी दिलं. आप्पांनी ग्लास घेतला. बराच वेळ हातात धरला. मग खिडकीत ठेवून दिला. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "गाडीमाच पी लिधं," आणि माझी पेटी उचलून जिना चढायला लागले.

इथे मी सुखात आहे, मोठाबा. झोप कमी आहे, ओरडा भरपूर आहे, पण जेवते, बहुतेकदा बसून. सासू, म्हणजे मॅडम, कडक आहे आणि न्यायाची आहे. ती केळं खाणारी मुलगी आता माझी सीनियर आहे, तुझं गाव तिला पाठ आहे. तू गेल्याचं सांगितलं तेव्हा तिने मला कॅन्टीनमधून केळं आणून दिलं.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गेल्या आठवड्यात मॅडम मागे उभ्या राहिल्या आणि एका सिझेरियनसाठी कमरेतली भूल पहिल्यांदा मी माझ्या हाताने दिली. या भुलीत बाई जागी असते, हे तुला सांगायचं राहूनच गेलं होतं. कमरेखाली काही कळत नाही, बाकी सगळं कळतं. मी तिच्या डोक्याशी बसले होते, तिने विचारलं, ताई, तुमचं गाव कुठलं? मी ब्राह्मणपुरी सांगत होते तेवढ्यात बाळ रडलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डातून जाताना तिने खाटेवरूनच मला हात जोडले. मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला तर नाही ना. मलाच होते. बाजार नव्हता, वॉर्ड होता, तरीबी.

मी आप्पांना फोन केला. म्हटलं, "आप्पा, आठे लेकरू व्हयनं. आते तुम्हले पानी चाली." पलीकडून आप्पा 'काय?' म्हणून ओरडले, कारण वाक्य तसं बापाला हादरवणारंच होतं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते इतके हसले की मोठीमायने फोन हिसकावून घेतला.

रविवारी आप्पा आले. खांद्याला तुझी खाकी पिशवी होती, न धुतलेली, आत केळी. मेसमध्ये बसले, पोरापोरींना केळी वाटली, आणि मला म्हणाले, पाणी आण. मी स्टीलचा ग्लास भरून आणला. त्यांनी एका दमात संपवला आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला. मी पुन्हा भरला. या वेळी त्यांनी टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"हाऊ भाऊना," म्हणाले, आणि तोही पिऊन टाकला.